पक्या, युरोपसाठी कर्ज काढू नको

नाशिक, १६ जानेवारी २०२६

प्रिय पक्या,

तिळगूळ घे, गोड बोल. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस की आपल्यासारख्यांना फॉरेन टूर झेपते का रे, आणि मग हळूच म्हणालास की मे महिन्यात चौघांनी युरोप करायचं डोक्यात आहे, बँक सहा लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे. मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होतो, अंबडच्या गेटपाशी नुसता कल्ला, धड बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. आधीच स्पष्ट सांगतो. परदेशात जा, नक्की जा, पण कर्ज काढून जाऊ नको आणि पहिल्याच फटक्यात युरोप नको.

सहा लाख, १४ टक्के, तीन वर्षं, हिशोब मी घातला. महिन्याला साडेवीस हजारांच्या आसपास हप्ता बसतो आणि एकूण व्याज जातं १ लाख ३८ हजार. एवढ्या व्याजात जवळच्या एखाद्या देशाची चौघांची विमानाची तिकिटं निघतात रे! आणि ट्रिप दहा-बारा दिवसांत संपणार, हप्ते मात्र २०२९ पर्यंत चालू, म्हणजे तुझी मोठी बारावीला असेल, क्लासच्या फिया डोक्यावर असतील, तेव्हा तू स्वित्झर्लंडच्या बर्फाचे पैसे फेडत बसशील. मला हे तुझ्यासाठी नकोय.

शिवाय ब्रोशरवर जो आकडा असतो तेवढ्यावर भागत नाही. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, तुझी दोन्ही पोरं बाराच्या पुढची, म्हणजे चौघांचे ३६० युरो. युरो आता शंभर रुपयांच्या वर गेलाय, तर छत्तीस हजार इथंच गेले, वर व्हिसा सेंटरवाल्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून अकरा लाखांच्या वर अर्ज गेले आणि त्यातले १५ टक्क्यांच्या आसपास नाकारले गेले, आणि आपल्या माणसाला वाटतं पैसे भरले की झालं काम. त्यात बोटांचे ठसे द्यायला अख्ख्या कुटुंबाने मुंबईला नाहीतर पुण्याला जायचं, तुझी आणि वहिनींची रजा, पोरांची शाळा बुडणार. बँकेचं स्टेटमेंट, इन्कमटॅक्सचा रिटर्न, कंपनीचं पत्र, किमान तीस हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, हे सगळं आलंच. आणि स्टेटमेंटमध्ये महिन्याभरापूर्वी एकदम सहा लाख येऊन पडलेले दिसले तर समोरचा अधिकारी विचारणारच ना की हे कुठून आले.

पॅकेज घेतलंस तर त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि त्याशिवाय टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ कापून घेतात तो कर. टीसीएस इन्कमटॅक्सचा रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो हे खरं, पण तोपर्यंत पैसे तुझ्या खिशातून गेलेलेच असतात. तू एलटीएचं, म्हणजे कंपनीच्या प्रवासभत्त्यावरच्या करसवलतीचं म्हणालास, तर त्यात परदेश बसत नाही, ती सवलत भारतातल्या प्रवासापुरतीच आहे, एचआरला विचारून बघ. हे कोणी आधी सांगत नाही.

आणि रुपयाचं बघ. २०१० च्या सुमारास डॉलर पंचेचाळीसच्या घरात होता, गेल्या डिसेंबरात नव्वदच्या वर गेला. म्हणजे बाहेरची वस्तू तिथं एका पैशाने महागली नसती तरी आपल्याला दुप्पट पडली असती, आपला पगार वाढला त्यातला केवढा भाग यातच गेला. म्हणून मी म्हणतो की जिथं आपल्या रुपयाला अजून जरा वजन आहे तिथं जायचं.

आम्ही बँकॉकला गेलो ते याच हिशोबाने. मी, बायको, चिनू आणि आई. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसाची अट काढून टाकली होती त्यामुळे तो खर्चच नव्हता. तिकिटं चार-पाच महिने आधी काढली, दिवाळीचा आठवडा सोडून सुट्टीच्या शेवटाची, माणशी बावीस हजारांच्या आसपास जाऊन-येऊन. आठवडाभराचं हॉटेल, जेवणखाण, फिरणं, इथून मुंबई विमानतळापर्यंतची गाडी (आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून परदेशाचं विमान नव्हतं) सगळं धरून दोन-सव्वादोन लाख. ते पैसे आरडीचे होते, आल्यावर एक रुपया कोणाचा देणं नव्हता. त्या गोष्टीने जी झोप लागते ना, ती वेगळीच.

आईचा किस्सा सांगतो. बँकॉकच्या इमिग्रेशनला बोटांचे ठसे घेतात, आणि आईचे ठसे उमटेचनात. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकरी थापून बोटं अशी गुळगुळीत झालीत की आधारच्या मशीनवरही हाच त्रास होतो. तो अधिकारी तिचा हात हातात घेऊन एकेक बोट काचेवर दाबत होता, ओला कागद देऊन पुसायला लावत होता, मागं लाईन वाढत होती आणि मला घाम फुटलेला. शेवटी त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. आई म्हणाली, आता कुठं बाहेरच्या देशात पाय ठेवला. सत्तर वर्षांची आहे ती.

आणि मग ग्रँड पॅलेसमधलं वाट फ्रा केओ मंदिर. तिकीट पाचशे बाट, बाट साधारण पावणेतीन रुपयांना धर, म्हणजे माणशी तेराशे-चौदाशे. मी बाहेर थांबतो म्हणत होतो, बायकोने ऐकलं नाही, बरं झालं. आतल्या लांबच लांब भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, त्यांचं रामकियन, सोन्याची वर्खं लावलेलं. हनुमान पांढराशुभ्र, रावण हिरव्या तोंडाचा. आईचं सगळं आयुष्य पंचवटीत गेलेलं, सीतागुंफेत शेकडो वेळा गेलेली बाई, ती त्या भिंतीपाशी चिनूला थांबवून एकेक गोष्ट सांगत चालली, हा बघ राम, ही लंका, आणि गाईड नाही, तरी तिला सगळं कळत होतं. दोन-तीन परदेशी बायका तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तिथं मला वाटलं की हे आधीच करायला हवं होतं असं नाही, पण आईचे गुडघे चालतात तोवर झालं हे फार बरं झालं. तुझ्याही आई-अण्णांचा विचार कर, युरोपच्या बजेटमध्ये ते दोघं बसतच नाहीत, जवळच्या देशाच्या बजेटमध्ये बसतात.

'आधी भारत तर बघा' म्हणणारे तुलाही भेटतील, मला सोसायटीत रोज भेटतात. अरे मे महिन्यात चौघांची श्रीनगरची विमानं, हॉटेल आणि गाडी धरून बघ, फार लांबचा आकडा नसतो. आणि माणसाला दुसरा देश बघावासा वाटणं यात चूक काय आहे? देशात दहातल्या एकाकडेही पासपोर्ट नाही, म्हणून तो श्रीमंतांचाच शौक म्हणायचा का?

पण एक खरंय, सरसकट सगळ्यांना परवडतं असंही मी म्हणणार नाही. आमच्या कंपनीतला लाईनवरचा पोरगा, पंचवीस हजार हातात येतात, घरभाडं आणि गावाकडं पैसे पाठवून उरतात किती? त्याला बँकॉक सांगणं म्हणजे चेष्टा होईल. तो विचारत होता तेव्हा मी नेपाळ सांगितलं. व्हिसा नाही, पासपोर्टही नको, मतदान कार्ड चालतं. नाशिक रोडहून गोरखपूरची थेट गाडी, पुढं सोनौलीची बॉर्डर, लुंबिनी तिथून जवळच. भूतान त्यापेक्षा महाग पडतं, तिथं आपल्याला रात्रीचे १२०० रुपये माणशी सरकारी फी आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, घरबसल्या निघतो, फक्त सरकारी साईटवरूनच काढायचा, तसल्याच दिसणाऱ्या साईटी दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात. आणि हो, आपलं नेहमीचं क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की साधारण साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लागतो, चहापाण्याला रोख ठेवायची आणि कमी मार्कअपचं कार्ड बघून घ्यायचं.

तर तू असं कर. हप्त्याचे साडेवीस हजार देण्याची तुझी तयारी होतीच ना, त्यातले निम्मे, दहा हजार, पुढच्या महिन्यापासून आरडीत टाक. साडेसहा टक्क्यांनी दोन वर्षांत अडीच लाखांच्या थोडं वर जमतात, म्हणजे २०२८ ला मोठीची दहावी उरकून अकरावी चालू असेल, तेव्हा निघता येईल. बाकीचे दहा हजार घरात राहू दे. युरोपही होईल कधीतरी, पोरं कमावती झाल्यावर होईल.

तोवर चौघांचे पासपोर्ट तेवढे काढून ठेव, मोठ्यांना १५०० आणि पोरांना १००० रुपये लागतात. पोरांचा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो, आणि निघताना निदान सहा महिने शिल्लक लागतात, म्हणून त्यांचा जरा उशिरा काढलास तरी चालेल, तुझा आणि वहिनींचा मात्र आत्ताच टाक. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघ, धाकट्याच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे असं तूच मागं म्हणाला होतास. ते दुरुस्त झालं की मला फोन कर, फॉर्म आपण दोघं मिळून भरू.

तुझा,
मंद्या