बारा जण निवडले जातात तिथे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पोलिसावर खुनाचा खटला उभा राहिला की आपल्याकडच्या बातम्यांत एक चौकट ठरलेली असते: ज्यूरीत (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत) गोरे किती, काळे किती. निकाल लागला की त्याच आकड्यांवर बोट ठेवून 'ज्यूरी पोलिसधार्जिणी होती' किंवा 'ज्यूरी जमावाला घाबरली' असे म्हणून विषय मिटवला जातो. शंका घ्यायला जागा भरपूर आहे, पण ती त्या चौकटीत सापडत नाही.

न्यूयॉर्कचे अमाडू डियालो प्रकरण घ्या. 4 फेब्रुवारी 1999 रोजी ब्राँक्समध्ये चार पोलिसांनी या निःशस्त्र काळ्या तरुणावर 41 गोळ्या झाडल्या, 19 लागल्या. ज्यूरीत चार काळ्या स्त्रिया होत्या. तरीही फेब्रुवारी 2000 मध्ये चौघेही पोलीस सुटले. कारण 'माणूस विनाकारण मेला का' हा प्रश्न ज्यूरीपुढे नव्हताच. पोलिसांना त्या क्षणी जिवाची भीती वाटली का आणि तसे वाटणे वाजवी होते का, एवढेच ठरवायचे होते. आणि ती भीती वाजवी नव्हती हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर. कायद्याचे माप असे असले की बारा जण कोणत्या रंगाचे आहेत याने फार फरक पडत नाही.

जिथे फरक पडतो, तिथे तो ज्यूरी बाकांवर बसण्याच्या बराच आधी पडलेला असतो. पहिला प्रश्न, खटला चालणार कुठे? 3 मार्च 1991 ला लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाच्या कॅमेऱ्यात टिपली गेली आणि घरोघरी पाहिली गेली. इतकी प्रसिद्धी झाल्यावर इथे निःपक्ष ज्यूरी मिळणार नाही, म्हणून खटला काउंटीबाहेर (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) वर्ग झाला आणि शेजारच्या व्हेंचुरा काउंटीतल्या सिमी व्हॅलीत गेला. आता टीव्ही काय व्हेंचुरात नव्हते? तीच चित्रफीत तिथेही तितक्याच वेळा दाखवली गेली होती. बदलली ती फक्त वस्ती. लॉस एंजेलिस काउंटीत काळ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त, व्हेंचुरात दोनच्या आसपास. त्यात सिमी व्हॅली म्हणजे अनेक पोलिसांनी घरे केलेले गाव. ज्यूरीत 10 गोरे, 1 हिस्पॅनिक, 1 आशियाई वंशाची व्यक्ती. 29 एप्रिल 1992 ला चार आरोपी पोलिसांपैकी एकावरच्या एका आरोपाबाबत एकमत झाले नाही, बाकी सगळे निर्दोष. पुढच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. वर्षभराने त्याच चार पोलिसांवर केंद्राचा खटला खुद्द लॉस एंजेलिसमध्ये चालला आणि त्यातले दोघे दोषी ठरले.

मग यादी. ज्यूरीसाठी नावे बहुतेक ठिकाणी मतदार यादीतून आणि वाहन परवान्यांच्या नोंदीतून काढतात. भाड्याची घरे बदलत राहणाऱ्याच्या हाती समन्स पडतच नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले लोक केंद्रीय न्यायालयांत आणि अनेक राज्यांत बाद. उरलेले हजर झाले तरी भत्ता किती? केंद्रीय न्यायालयात दिवसाला 50 डॉलर. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला नेहमीचा दर 15 डॉलर, तोही दुसऱ्या दिवसापासून. महिनाभर चालणाऱ्या खटल्याला रोजंदारीवरचा माणूस हात जोडून सुटका मागतो आणि ती बहुधा मिळते. मागे राहतात ते पगार न बुडणारे आणि निवृत्त. पोलिसांशी ज्यांचा रस्त्यावर संबंध येतो, ते इथेच विरळ होतात.

खरी गोम पुढच्या, ज्यूरी निवडताना आलेल्यांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांत आहे. ती साधारण अशी चालतात. 'पोलिसाच्या साक्षीवर इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का?' 'हो, थोडा जास्त.' 'पण न्यायाधीशांनी सांगितले तर सर्वांना एकच माप लावाल ना?' 'लावेन.' झाले, हा माणूस राहतो. दुसरा सांगतो, 'मला विनाकारण दोनदा गाडीतून उतरवून झडती घेतली.' एकच माप लावीन असे तोही म्हणतो, आणि न्यायाधीश त्यालाही ठेवतात. पण प्रत्येक बाजूला ठरावीक नावे कारण न देता काढता येतात, आणि याचे नाव तिथे कटते. निव्वळ वंशावरून असे करायला सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या बॅटसन निकालात मनाई केली आणि 1992 मध्ये ती बचाव पक्षालाही लागू केली. हरकत घेतली गेली तर वकील काय सांगणार? 'पोलिसांविषयी अविश्वास.' कागदावर यात वंश कुठेच नाही, म्हणून कारण चालून जाते. थोडक्यात, पोलिसांबद्दलचा आदर 'मोकळे मन' ठरतो आणि वाईट अनुभव 'पूर्वग्रह'.

गंमत अशी की एरवीच्या खटल्यांत याच कारणाने नावे काढणारा सरकारी वकील पोलिसावरच्या खटल्यात अशाच ज्यूररसाठी भांडत असतो. वॉशिंग्टन राज्याने 2018 मध्ये नियम करून आणि कॅलिफोर्नियाने 2022 पासून कायदा लागू करून ही पळवाट आवळली: 'पोलिसांवर अविश्वास' किंवा 'पोलिसांचा वाईट अनुभव' हे कारण आता मुळात अग्राह्य धरले जाते, ते ग्राह्य का हे सांगायची जबाबदारी नाव काढणाऱ्यावर. या विषयातली इतकी कामाची सुधारणा मला दुसरी दिसत नाही.

आरोपी पोलिसाच्या बाजूनेही शंका घेता येते, आणि ती घ्यायलाच हवी. मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनाचा आरोप असलेल्या डेरेक शॉविन या पोलिसाची ज्यूरी निवडली जात असतानाच, 12 मार्च 2021 ला, शहराने जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाशी 2 कोटी 70 लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. न्यायाधीश पीटर केहिल यांनी आधी निवडलेल्यांना पुन्हा एकेक करून विचारले आणि दोघांना घरी पाठवले. साक्षी चालू असताना जवळच्याच ब्रुकलिन सेंटरमध्ये पोलिसाच्या गोळीने डॉन्टे राइट मारला गेला. ज्यूरीला लगेच हॉटेलात बंद ठेवा ही बचाव पक्षाची मागणी फेटाळली गेली. माझ्या मते ती मान्य करायला हवी होती. मात्र निवडीचे काम तिथे नेटके झाले. आधी घरपोच लांबलचक लेखी प्रश्नावली, त्यात निदर्शनांत भाग घेतला का इथपासून सगळे. मग प्रत्येकाला एकट्याला बोलावून विचारणा, म्हणजे शेजारच्याचे उत्तर ऐकून आपले बेतता येत नाही. कारण न देता नावे काढण्याची मुभा सुरुवातीला बचाव पक्षाला 15, सरकार पक्षाला 9.

'मग ज्यूरीच नको' म्हणणाऱ्यांनी बाल्टिमोर पाहावे. फ्रेडी ग्रे या काळ्या तरुणाच्या पोलीस ताब्यातल्या मृत्यूच्या प्रकरणात पहिल्या पोलिसाच्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढच्या तिघांनी ज्यूरी नाकारून न्यायाधीशापुढे खटला चालवायचे निवडले. तिघेही सुटले, आणि जुलै 2016 मध्ये उरलेले आरोप मागे घेतले गेले. ज्यूरी हवी की नको हे बऱ्याच राज्यांत आरोपी ठरवू शकतो, आणि आरोपी पोलिसाचा वकील हा हिशेब फार बारकाईने करतो. (आपल्याकडे नानावटी खटल्यातला 8 विरुद्ध 1 हा ज्यूरीचा 'निर्दोष' कौल सर्वांना पाठ असतो; पण तोही न्यायाधीशांनी न स्वीकारता उच्च न्यायालयाकडे धाडला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.)

तेव्हा अशी बातमी पुन्हा द्याल तेव्हा वंशांच्या चौकटीत चार ओळी वाढवा: खटला कोणत्या काउंटीत चालतो आहे आणि तो तिथे वर्ग होऊन आला का, कारण न देता नावे काढण्याची मुभा कोणाला किती, 'पोलिसांवर अविश्वास' हे कारण त्या राज्यात चालते का, आणि आरोपीने ज्यूरी घेतली की नाकारली. न्यायालयाच्या रोजच्या कामकाजात हे सगळे उपलब्ध असते.

आपला,
फौजदारी कायद्याचा एक अभ्यासक, पुणे