रसग्रहणाचे गुण पाठांतराला की वाचनाला?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, उत्तरपत्रिकाही तपासतो. रसग्रहणाच्या प्रश्नाला एकच उत्तर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत भेटतं: 'कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. समर्पक शब्दयोजनेमुळे कविता मनाला भिडते.' आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मथळे, पट्टी लावून अधोरेखित केलेले. मध्येच अवतरणचिन्हांत कवितेची एखादी ओळ. तिचा मागच्या वाक्याशी संबंध नसतो, पुढच्याशी तर नाहीच. कवी बदलला तरी उत्तर खपून जाईल. गाईडमधून उतरवलेल्या या मजकुराला गुण मिळतात, मग मुलांनी वेगळं का लिहावं?

केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) घ्या. विद्यार्थी लिहितो, 'कवी बंडखोर आहे'. खाली 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने' हा दाखला टाकतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. खरं काम तर दाखल्यानंतर सुरू होतं. या बंडखोराजवळ तुतारी नाहीच, ती तो मागतो आहे. स्वतःचे आहेत ते फक्त प्राण. 'सगळी गगने' भेदण्याची भाषा त्यानंतर येते. म्हणजे या बंडाला कुणाची तरी साथ लागणार, असा अर्थ एखादी मुलगी काढेल. शेजारच्या बाकावरचा मुलगा 'फुंकिन मी' मधल्या 'मी'वर बोट ठेवून नेमकं उलट म्हणेल. म्हणू द्या की! दोघांनीही ओळ वाचली आहे, दोघांनाही गुण द्यायला माझी हरकत नाही.

मागणी साधी आहे. मंडळाच्या गुणदान योजनेत, दाखला म्हणून दिलेल्या ओळीच्या स्पष्टीकरणाला स्वतंत्र गुण ठेवा आणि कुठल्याही कवितेला लागू पडणाऱ्या वाक्याला शून्य. शिवाय पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी रसग्रहणासाठी द्या. अशाने परीक्षकागणिक गुण बदलतील, ही शंका रास्त आहे. पण 'हे वाक्य दुसऱ्या कवितेवर चालेल का?' एवढं विचारलं तरी बराचसा घोळ मिटतो. उरलेल्यासाठी परीक्षकांनी दिलेले गुण पडताळणारे नियामक असतातच.

वर्गात हे शिकवायला मात्र वेळ लागतो. एक परिच्छेद लिहून घ्यायचा, तपासायचा, पुन्हा लिहायला लावायचा. भरगच्च वर्गात, निवडणुकीची कामं सांभाळून हे कसं जमवायचं, याचं उत्तर शिक्षकांपेक्षा आपल्या खात्याने द्यायचं आहे.

मराठी सक्तीचा कायदा २०२० मध्ये झाला, अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला. चांगलंच झालं. आता निदान पुढच्या परीक्षेआधी नव्या धर्तीची नमुना उत्तरं शाळांना पाठवा. गाईडवाले ती महिन्याभरात छापून मोकळे होतील, म्हणून त्या चार ओळी दरवर्षी बदला.

आपला,
एक मराठीचा शिक्षक