मर्टलला आधी फुलू द्या, मग कातरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सदाहरित झुडपांवरचा लेख वाचला. त्यात मर्टलची दखल घेतलेली पाहून बरं वाटलं, कारण या गुणी झुडपाबद्दल मराठीत फारसं छापून येत नाही. पण सगळ्या सदाहरित झुडपांना रोज पाणी द्यावं आणि दर महिन्याला कात्री चालवावी, असा सरसकट सल्ला त्यात दिला आहे. तो मर्टलला लागू केला, तर झाड एक तर कुजेल, नाही तर कधीच फुलणार नाही. मी रोपवाटिकेत काम करते. लोक आजारी मर्टल घेऊन येतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण या दोनांपैकीच एक असतं. म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचं सांगते. मर्टल मूळचं भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. तिथले उन्हाळे बिनपावसाचे असतात. रोप नवं असताना, पहिलं वर्षभर, त्याला नियमित आणि खोलवर पाणी हवंच. एकदा मुळं पसरली की दोन पाण्यांमध्ये मातीचा वरचा थर सुकू द्यायचा. बोट दोन पेरं आत घालून पाहावं, ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडीतल्या झाडाला अर्थातच जमिनीतल्यापेक्षा लवकर तहान लागते, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहता कामा नये.

गोंधळ होतो तो इथेच. मुळं कुजली तरी पानं माना टाकतात आणि पाणी कमी पडलं तरी टाकतात. मान टाकलेलं झाड दिसलं की माणूस आधी पाण्याचा झारा उचलतो, आणि कुजत असलेल्या झाडाचा त्यातच शेवट होतो. शंका आली तर झाड कुंडीतून अलगद काढून मुळं पाहावीत. निरोगी मुळं फिकट आणि टणक असतात. कुजलेली मुळं तपकिरी, मऊ होतात आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. असं दिसलं तर कुजका भाग कापून टाकावा, वाळू किंवा बारीक खडी मिसळलेल्या, पाणी चटकन निचरणाऱ्या मातीत झाड लावावं आणि उन्हाची जागा द्यावी. दिवसाकाठी निदान सहा तास ऊन मिळालं, तरच ते मनापासून वाढतं.

आता छाटणी. मर्टलच्या कळ्या त्याच हंगामातल्या नव्या फुटव्यांवर, पानांच्या बेचक्यांत येतात. लांब देठावर एकेकटी, हिरवट पांढरी, गोल कळी. दर महिन्याला शेंडे कातरत गेलात की त्या कळ्याच कातरल्या जातात. मग 'आमचं मर्टल फुलतच नाही' अशी तक्रार घेऊन लोक खत मागायला येतात. खताचा त्यात काहीच दोष नसतो. मुख्य छाटणी थंडी सरता सरता, नवे फुटवे येण्याआधी करावी. त्यानंतर फुलं गळेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. फुलं संपल्यावर आकारासाठी हलका हात फिरवायला हरकत नाही. निळसर काळी फळं हवी असतील, तर तेही करू नये.

कात्री कोणती, यालाही महत्त्व आहे. कुंपणाच्या लांब कात्रीने पानं मधोमध चिरली जातात आणि त्यांच्या कडा तपकिरी पडतात. हातातल्या छोट्या कात्रीने पानांच्या जोडीच्या थोडं वर कापावं. मर्टलची पानं समोरासमोर येतात, त्यामुळे एका कापातून सहसा दोन फुटवे निघतात आणि झुडूप आपोआप दाट होतं. जुनं, खालून उघडं पडलेलं झाड टाकून देऊ नका. दरवर्षी जून फांद्यांपैकी एकतृतीयांश बुडाजवळून काढल्या, तर जुन्या लाकडावरूनही नवी फूट येते. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, धीर धरावा लागतो.

कोणी म्हणेल, स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहंब्रा राजवाड्यात हौदाच्या दोन्ही बाजूंना मर्टलची काटेकोर कातरलेली कुंपणं आहेतच की! आहेत, आणि सुंदर आहेत. ज्यांना हिरवी भिंतच हवी आहे त्यांनी खुशाल कातरावं. पण फुलांसाठी झाड नेणाऱ्याला तोच सल्ला देऊ नये. पाच पांढऱ्या पाकळ्या आणि त्यांच्या वर उसळलेला पुंकेसरांचा झुपका ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला माझं म्हणणं पटेल. पान उजेडासमोर धरलं तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर येणारा सुवास त्यांचाच. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही याच कुळातली.

लेखासोबतच्या छायाचित्रात मात्र क्रेप मर्टल आहे. ते झाड मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातलं, थंडीत पानं गाळणारं. त्याच्या छाटणीचे नियम इथे लावू नयेत.

किडींमध्ये खवले कीड सगळ्यात चिवट. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत तपकिरी फोडांसारखी चिकटून बसते. पानं चिकट लागली, त्यावर काजळी धरली, मुंग्यांची ये-जा वाढली, की पानं उलटून पाहावीत. थोडी असेल तर जुना दात घासायचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढावी, तेवढ्यावर भागतं.

शेवटचा मुद्दा लेखात मुळीच नाही आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मर्टल तांबेरा ही दक्षिण अमेरिकेतली बुरशी 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात आणि 2017 मध्ये न्यूझीलंडमध्ये पोहोचली. कोवळ्या पानांवर आणि फुटव्यांवर पिवळीधमक भुकटी दिसते आणि शेंडे वाकडे होऊन करपतात. या कुळातल्या शेकडो जातींना ती लागते. तिचे कण वाऱ्याने तर जातातच, पण कपड्यांवरून आणि रोपांवरूनही जातात. तेव्हा प्रवासात आवडलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून सीमेपलीकडून आणू नका. घरच्याच निरोगी झाडापासून रोपं सहज होतात. उन्हाळा संपताना, बुडाशी टणक आणि शेंड्याशी मऊ असलेली 8 ते 10 सेंटिमीटरची काडी घ्यावी, खालची पानं काढून ती ओलसर वाळूमिश्रित मातीत लावावी, वर प्लास्टिकची पिशवी घालून सावलीत ठेवावी. काही आठवड्यांत मुळं धरतात.

पुरवणीत या लेखाची दुरुस्ती छापावी आणि यापुढे छाटणीचा सल्ला देताना त्या झाडाला कळ्या कधी आणि कुठल्या फांदीवर येतात तेही सोबत द्यावं, ही विनंती.

आपली,
रोपवाटिकेतली एक वाचक