अंगणातला किल्ला : मित्रास पत्र

पुणे,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले आणि त्यातल्या एका वाक्याने मला गेले आठ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पन्नाशी ओलांडल्यापासून कशाचेच नवल वाटेनासे झाले आहे, पाऊस आला की आधी गच्चीची गळती आठवते, असे तू लिहिले आहेस आणि पुढे म्हणतोस की कुतूहल हे दुधाच्या दातांसारखे असते, वेळ झाली की ते पडायचेच. दुसऱ्या कुणी हे लिहिले असते तर मी पत्राची घडी घालून ठेवली असती. पण साताऱ्याच्या वाड्यात माझ्याबरोबर कोपरापर्यंत चिखलात हात घालणाऱ्या माणसाने ते लिहावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आपण घरी यायचो ते थेट मागच्या अंगणात, दिवाळीचा किल्ला करायला. दप्तर पायरीवर, कंपासपेटी त्यावर, आणि मग दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती. तू माती चाळायचास, मी गोणपाट चिखलाच्या राबडीत बुडवून दगडांवर पसरायचो आणि त्याच्या सुरकुत्या जिथे पडतील तिथे दऱ्या, जिथे ताठ राहतील तिथे कडे, असे ते ठरत जायचे. आधी काही ठरवलेले नसायचे. मातीच मार्ग दाखवायची आणि आपण तिच्यामागून जायचो. आपला वाघ दरवाज्याहून मोठा होता आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारीच विहीर होती, हे तुला आठवते ना?

आता माझी एक चूक सांगतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपला राजगडही होता, आणि त्या आनंदात मी ठरवले की त्या दिवाळीला पुतणीबरोबर राजगड करायचा, आणि तोही अगदी बरहुकूम. मी कागदावर आराखडा काढला : मधोमध बालेकिल्ला, तीन अंगांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या, संजीवनीची दुहेरी तटबंदी, सारे मोजून मापून. आठ वर्षांची ती पोर पहिला अर्धा तास माझ्या हाताशी दगड देत राहिली, मग गप्प झाली आणि मग कधी उठून गेली ते मला कळलेच नाही. मान वर केली तेव्हा ती तुळशीपाशी एकटीच काहीतरी करत बसली होती.

जवळ जाऊन पाहिले. तिने स्वयंपाकघरातून नारळाची करवंटी आणली होती. नारळाला तीन डोळे असतात, त्यांतला एकच मऊ असतो; तो तिने खिळ्याने टोकरून मोकळा केला होता, करवंटी मातीत उभी रोवून तिच्या दोन्ही अंगांना चिखल थापला होता आणि जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, त्या भोकातून ती पलीकडे पाहत होती. "काका, हे नेढं," ती म्हणाली. सुवेळा माचीच्या वाटेवरच्या खडकातले ते आरपार भोक मी तिला फक्त एकदा फोटोत दाखवले होते. माझ्या आराखड्यात मात्र ते नव्हतेच. मीही जमिनीवर आडवा झालो. करवंटीच्या कडेचे बारीक तंतू, त्यांच्यापलीकडे तुळशीचे खोड, आणि ते खरोखर एखाद्या जुन्या वृक्षाएवढे मोठे दिसत होते.

त्या संध्याकाळपासून मला वाटते की आपल्यातले नवल संपलेले नसते, आपण फक्त जागा बदललेली असते. खेळातला गडी खेळातून उठून मुकादम होतो. काम नीट झाले की नाही, वेळेत झाले की नाही, एवढेच पाहू लागतो, आणि मग म्हणतो की मजा येत नाही. मुकादमाला मजा कशी येणार? बालपणीच्या आठवणी काढण्यानेही ही जागा परत मिळत नाही, कारण आठवणीत हात कोरडेच राहतात. मी आराखडा बाजूला ठेवला, करवंटी उचलून माझ्या सुवेळा माचीवर बसवायची परवानगी तिच्याकडे मागितली, आणि पुढचे तीन दिवस ती सांगेल ते करत गेलो.

तू आणखी एक मुद्दा काढला आहेस, की कारण कळले की नवल संपते. माझा अनुभव याच्या उलट आहे. किल्ल्यावर आपण हळीव पेरायचो ते उभ्या चढावरूनही घसरत नसे, हे लहानपणी नुसते दिसायचे. आता ठाऊक आहे की भिजल्याबरोबर त्या दाण्याभोवती बुळबुळीत चिकाचे वेष्टन तयार होते आणि त्यानेच तो मातीला चिकटून राहतो. हे कळल्यापासून मी भिंग घेऊन बसतो. दाणा पाण्यात पडतो आणि पाहता पाहता त्याच्याभोवती काचेसारखे पारदर्शक कवच फुगते. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी थांबून पाहावेसे वाटते.

आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता अकरा वर्षे, कारण दाखवत मुलांचे नवल जागवायचे, हेच काम करत होते. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा अभियंता ट्रक बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडून कचऱ्यातून खेळणी करू लागला आणि त्यासाठी २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबरबँड, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढ्यावर त्यांची मोटर फिरते. मी ती गेल्या उन्हाळ्यात केली. वेटोळ्याच्या एका टोकावरचे इनॅमलचे आवरण पूर्ण खरवडायचे, दुसऱ्या टोकावरची एक बाजू मात्र तशीच ठेवायची, म्हणजे फेरीतल्या त्या टप्प्यात वीज तुटते आणि वेटोळे स्वतःच्या वेगानेच पुढे जाते. तिसऱ्या खेपेला बोटाने हलकी टिचकी दिली आणि ते फिरतच राहिले. रात्रीचे अकरा वाजले होते, घरात सगळे झोपले होते, आणि मला सगळ्यांना उठवावेसे वाटले. उठवलेही.

तुझ्या बंगळुरूच्या घराला अंगण नाही हे मला माहीत आहे, पण गॅलरीच्या कोपऱ्यात दोन-अडीच फूट जागा पुष्कळ होते. सोबत हळिवाची पुडी पाठवतो आहे. दगड तिथलेच शोध, माती कुंडीतली चालेल, आराखडा काढू नकोस. वसुबारसेच्या दोन दिवस आधी पेर, म्हणजे लक्ष्मीपूजनाला चढ हिरवे होतील. आणि पाणी ओतू नकोस, हाताने शिंपड, नाहीतर कडे ढासळतील.

वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सवंगडी