पाच हजार वर्षे आली कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत प्राचीन चीनमधला धर्म आणि वैद्यक यांवर पानभर लेख आहे. भाषा गोड आहे, मांडणी देखणी आहे, आणि तुमच्या पुरवणीने असे विषय घ्यावेत असे मला मनापासून वाटते. पण त्यातल्या दोन विधानांचा मला रात्रभर राग येत राहिला. पहिले, चिनी वैद्यक पाच हजार वर्षे अखंड चालत आलेले आहे. दुसरे, तिथे धर्म आणि औषध यांत कधी भेद नव्हताच. पुजारी तोच वैद्य, आणि श्रद्धा असली की शरीर आपोआप सावरते. दोन्ही विधानांना लेखकाने काडीचाही आधार दिलेला नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मुलांनी सनावळीत चूक केली तर मी गुण कापत असे. वर्तमानपत्राला ती सूट का मिळावी?

पाच हजारांचा हिशेब आधी घेते. चीनमध्ये हाती लागलेले सर्वांत जुने लेख म्हणजे आन्यांगला सापडलेली, देवाचा कौल लावण्याची हाडे. त्यांतली सर्वांत जुनी राजा वू दिंगच्या काळातली, इ. स. पू. १२००च्या आसपासची. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाचे कवच तापवायचे, त्याला तडा गेला की त्यावरून कौल घ्यायचा. राजाचा दात दुखतो आहे, हा कोणत्या पितराचा कोप? फू हाओ राणीचे बाळंतपण सुखरूप होईल का? तिला मुलगी झाली तेव्हा ‘चांगले झाले नाही’ असे त्या हाडावर कोरून ठेवले आहे. (बाई म्हणून ते वाचताना आजही हात थांबतो.) हे सगळे धरले तरी सव्वातीन हजार वर्षे होतात, आणि त्यातही आहे तो कौल, वैद्यक नव्हे. ज्या पीत सम्राटाचा लेखात जयजयकार आहे तो दंतकथेतला राजा आहे. त्याच्या नावावरचा वैद्यकग्रंथ हान राजवटीच्या काळात, इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आसपास आकाराला आला. दोन हजार वर्षे म्हणजे काही कमी नव्हेत. खरा आकडा एवढा मोठा असताना खोटा कशाला छापायचा?

आता दुसरे विधान. त्याच पीत सम्राटाच्या नावावरच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की जो भुताखेतांत अडकला आहे त्याच्याशी या विद्येबद्दल बोलण्यात अर्थ नाही. इ. स. पू. ५४१मध्ये जिन राज्याचा अधिपती आजारी पडला. कौल लावणाऱ्यांनी दोन देवतांची नावे सांगितली. चंग राज्याचा मंत्री झछान तिथे आला होता. त्याने त्या देवतांची सगळी कुळकथा सांगितली आणि वर सांगितले की पर्वत-नद्यांचे देव पूर आणि दुष्काळाच्या वेळी पुजावेत. तुमचा आजार तुमच्या खाण्यापिण्यातून, वागण्यातून, सुखदुःखातून आला आहे. मागोमाग छिन राज्यातून आलेल्या वैद्यानेही दोष देवतांवर टाकला नाही: भूत नाही, अन्नही नाही, अतिरेकी स्त्रीसंग. हे त्याने राजाच्या तोंडावर सांगितले. हान काळातला इतिहासकार सिमा छ्येन याच्या इतिहासात ब्येन छ्वे या वैद्याच्या चरित्रात, कोणता रोगी बरा होऊ शकत नाही याचे सहा प्रकार दिले आहेत. सहावा कोणता, तर जो देवऋषीवर विश्वास ठेवतो आणि वैद्यावर ठेवत नाही. भेदच नव्हता म्हणे! ते भांडण त्यांच्या ग्रंथांत शतकानुशतके चालू आहे.

या विषयाचा मला एवढा राग का येतो ते सांगते. माझ्या वहिनीला मधुमेह होता. तळपायाला जखम झाली आणि ती भरेना. कोणीतरी एका चिनी उपचार केंद्राचे नाव सुचवले. तिथे तिला इन्सुलिन बंद करायला सांगितले. शरीरातली ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, अडली आहे, ती मोकळी झाली की साखर आपली आपण उतरेल, फक्त श्रद्धा ठेवा. तिथल्या भिंतीवर एका वर्तमानपत्राचे कात्रण लॅमिनेट करून लावले होते. पाच हजार वर्षांची अखंड परंपरा, असा त्याचा मथळा. वहिनी शिकलेली बाई, पण छापून आले आहे म्हणजे खरे असणार असे मानणाऱ्या पिढीतली. पाय काळा पडायला लागला तेव्हा दादा तिला रुग्णालयात घेऊन गेला. बोटे काढावी लागली. नंतर दादा त्या केंद्रात परत गेला आणि काय उपचार केले, काय औषध दिले ते लिहून द्या म्हणाला. उत्तर मिळाले, आमची परंपरा कागदावर चालत नाही.

संपादक महोदय, चिनी वैद्यकाची परंपरा कागदावरच चालते. कागद नव्हता तेव्हा बांबूच्या पट्ट्यांवर आणि रेशमावर चालली. इ. स. पू. दुसऱ्या शतकात छी राज्यात छुनयू यी नावाचा वैद्य होता, सरकारी धान्यकोठाराचा अधिकारी. त्याच्यावर आरोप होऊन त्याला शिक्षेसाठी राजधानीला नेले. त्याला पाच मुली, मुलगा नाही. वेळेला कोणी कामाचे नाही म्हणून त्याने हळहळ केली. तेव्हा धाकटी तीयिंग त्याच्यामागे छांगआनपर्यंत गेली. कापलेला अवयव पुन्हा जोडता येत नाही, मला दासी करा पण वडिलांना सोडा, असा अर्ज तिने सम्राटाला केला. सम्राट वनने इ. स. पू. १६७मध्ये अवयव तोडण्याच्या शिक्षाच बंद केल्या. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. पण वैद्यकाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. सम्राटाने छुनयू यीला विचारले, कोणाला कसे बरे केलेस? त्याने पंचवीस रोग्यांची हकीकत सादर केली. रोगी कोण, राहणारा कुठला, काय होत होते, नाडी कशी होती, काय दिले, शेवट काय झाला. त्यांतले दहाएक रोगी मेले आणि तेही त्याने लिहिले आहे. तुझे कधी चुकत नाही का, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की चुकते, मी परिपूर्ण नाही. बावीसशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने, मानेवर टांगती तलवार घेऊन जगलेल्या माणसाने, एवढा हिशेब दिला. माझ्या वहिनीच्या दोन बोटांचा हिशेब कोणी दिला नाही.

अॅक्युपंक्चरच्या सुया टोचणारे सगळेच असे असतात असे मी म्हणत नाही. धर्माचा त्या वैद्यकाशी काही संबंध नव्हता असेही म्हणत नाही. संबंध फार होता, आणि तो नीट सांगितला असता तर लेख किती रंगला असता! छांगशाजवळ मावांगदुईला १९७३मध्ये तिसरी कबर उघडली. ती इ. स. पू. १६८मध्ये बंद केलेली. तिच्यात रेशमावर लिहिलेली वैद्यकाची पुस्तके निघाली. एकात बावन्न रोगांवरचे उपाय आहेत. चामखीळ घालवायची तर अमावास्येला पाणी असलेल्या जुन्या विहिरीवर जायचे, झिजलेल्या केरसुणीने चामखीळ दोनदा सात म्हणजे चौदा वेळा झाडायची, मंत्र म्हणायचा आणि केरसुणी विहिरीत टाकून द्यायची. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे ओळखीचे वाटेल. आणि त्याच पुस्तकात आतल्या मूळव्याधीवर शस्त्रक्रिया दिली आहे: कुत्र्याचे मूत्राशय नळीवर चढवून आत घालायचे, फुंकून फुगवायचे, हळूच बाहेर ओढायचे आणि कोंब सुरीने कापायचा. मंत्र आणि सुरी एकाच रेशमावर. या कबरीत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णनही आहे, पण त्यावर उपाय म्हणून डाग देणे सांगितले आहे, सुईचे नाव नाही. तुम्ही लेखासोबत जे चित्र छापले आहे ते याच कबरीतले, व्यायाम करणाऱ्या चव्वेचाळीस माणसांचे. त्याखाली अॅक्युपंक्चरचे बिंदू असे छापले आहे. त्या चित्रात एकही बिंदू नाही. कोणी बघितलेच नाही का?

ताओ पंथाबद्दल लेखात पुष्कळ लिहिले आहे, पण धुराची वलये आणि मंदिरे यापलीकडे काही नाही. इ. स.च्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी हानचोंगमध्ये चांग लू या ताओपंथी गुरूच्या पंथात आजाऱ्याला आपली पापे कबूल करावी लागत. त्याच्या नावाने तीन चिठ्ठ्या लिहीत. आकाशासाठीची डोंगरावर ठेवत, पृथ्वीसाठीची पुरत, पाण्यासाठीची बुडवत. त्याच सुमारास चांग चोंगचिंग या वैद्याने तापावरचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दोनशेहून जास्त माणसांच्या कुळातली दोनतृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत गेली आणि त्यांतली दहापैकी सात तापाने, असे तो प्रस्तावनेत लिहितो. जीव धोक्यात आला की लोक देवऋषीकडे धावतात आणि हात टेकतात, म्हणून तो तळमळतो. त्याची ती प्रस्तावना वाचताना मला वहिनी आठवते. एकाच देशात, एकाच पिढीत चांग लू आणि चांग चोंगचिंग हे दोघे होते. थांग राजवटीच्या (सातवे ते दहावे शतक) वैद्यक कार्यालयात मंत्रोपचाराचा अध्यापक सरकारी पगारावर होता, पण त्याचे खाते औषधाच्या आणि सुईच्या खात्यांपासून वेगळे होते. धर्म आणि वैद्यक शेजारी राहत होते, एकमेकांत येजा होती, आणि भिंतही होती.

येजा कशी, तर ग होंग हा चौथ्या शतकातला ताओपंथी, अमरत्वाच्या रसायनामागे लागलेला. त्यानेच गरिबाला परवडतील अशा तातडीच्या उपायांचे पुस्तक लिहिले आणि हिवतापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले. त्या ओळीवरून चिनी संशोधक थू योयो यांना १९७१मध्ये हिवतापावरच्या औषधाचा धागा सापडला आणि २०१५मध्ये नोबेल मिळाले. लेखकाने या नोबेलला श्रद्धेचा विजय म्हटले आहे. थू योयो यांच्या गटाने शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले, जे चालले नाहीत ते टाकले आणि उरलेले औषध रोग्यांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिले. आणि ज्या रसायनाने माणूस अमर होणार होता ते घेऊन थांग घराण्यातले काही सम्राट मेले, तेही इतिहासात नोंदलेले आहे. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

सातव्या शतकातल्या सुन सिम्याओबद्दलही नाही. चिनी लोक त्याला आजही औषधांचा राजा म्हणून पुजतात. रोगी श्रीमंत की गरीब, आपला की परका हे वैद्याने पाहू नये, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथात जीवकाच्या, म्हणजे बुद्धाच्या वैद्याच्या नावावरचे पाठ आहेत, महाभूतांपासून होणाऱ्या ४०४ रोगांची बौद्ध कल्पना आहे. मराठी वाचकाला याहून जवळचा दुवा कोणता हवा होता?

त्याऐवजी शेवटच्या परिच्छेदात डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणून बसवले आहेत, जणू ते या प्राचीन ज्ञानाच्या ओढीने चीनला गेले. मी सोलापूरची. कोटणीस आमच्या गावचे. ते १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करायला गेले. ते शल्यविशारद होते, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. डिसेंबर १९४२मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. त्यांचे नाव असल्या लेखाला शोभेसाठी वापरू नये. चित्राखालची चुकीची ओळ, पाच हजारांचा आकडा आणि कोटणिसांबद्दलचे वाक्य, या तिन्हींची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सोलापूर