काढलेली गाठ तपासणीला का जात नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न दुखणारी गाठ म्हणजे चरबीची गाठ, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की काढलेली गाठ तपासणीला पाठवावी असे रुग्णाला सुचत नाही आणि, दुर्दैवाने, काही डॉक्टरांनाही सुचत नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात हे खरेच. परंतु सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी यांसारख्या मऊ भागांतील कर्करोगाची, गाठही सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंना डाव्या गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी गाठ आली होती. ती दाबली की पावलाच्या वरच्या बाजूस झिणझिण्या येत. गाठ मज्जातंतूशी निगडित असावी, ही शंका तेथेच यायला हवी होती. तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात मात्र तेवढ्या जागेला भूल देऊन अर्ध्या तासात ती काढण्यात आली. भूल उतरली, तरी पाऊल वर उचलेना. पाऊल उचलणारी नस, म्हणजे मज्जातंतू, तेथे हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते, आणि ती तुटल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले. नसेच्या आवरणातून वाढणारी श्वानोमासारखी साधी गाठ अनुभवी सर्जन भिंगाखाली, तंतू राखून, बहुतेक वेळा सोलून काढू शकतात. आज बंधू सपाट अंगणातही उंबरा ओलांडल्यासारखा गुडघा उचलून चालतात. चप्पल निसटते म्हणून टाचेला पट्टा असलेली सँडल घालतात.

शहरातील तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न केला, "गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?" ट्रेमध्ये आम्हाला दाखवलेली ती गाठ त्याच दिवशी कचऱ्यात गेली होती. "आणखी खर्च नको," असे आम्हीच म्हणालो होतो, हे कबूल करतो. पण हा खर्च टाळण्याजोगा नाही, हे आम्हाला कोणी सांगायचे? गाठ कसली होती हे आता कळणे नाही, म्हणून दर काही महिन्यांनी एमआरआय करावा लागतो आणि तो खर्च त्या तपासणीच्या कितीतरी पट आहे.

पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची, वाढत जाणारी किंवा काढूनही पुन्हा आलेली गाठ असेल, तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, असा क्रम आहे. सुई कोठून घालायची हेदेखील पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावे लागते, कारण गाठ कर्करोगाची निघाल्यास सुईचा तो मार्गही काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडांच्या व मऊ भागांच्या अशा गाठींसाठी तज्ज्ञांचा वेगळा गट आहे. शंका असलेला रुग्ण हात लावण्याआधीच अशा ठिकाणी पाठवण्यात कोणत्याही डॉक्टरला कमीपणा वाटू नये.

सार्वजनिक आरोग्य विभागाने एवढे करावे, की काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मेलिनच्या, म्हणजे गाठ कुजू न देणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीतून पॅथॉलॉजिस्टकडे (ती तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाईल आणि डिस्चार्ज कार्डावर तपासणी अहवालाच्या क्रमांकाचा रकाना असेल. आमच्या कार्डावर 'गाठ काढली' एवढे दोनच शब्द आहेत.

आपला,
एक वाचक, सांगली