मांटूची गाठ आणि क्षयाचा शिक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहादा-तळोदा भागात लहान मुलाचा खोकला लांबला की पुष्कळदा हातावर मांटूची, म्हणजे क्षयाच्या त्वचाचाचणीची, सुई टोचतात. दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ आली की आई रडवेली होते, ‘पोरले टीबी निंघना!’ (पोराला टीबी निघाला!) एक्स-रे नाही, बेडक्याची तपासणी नाही, तरी काही ठिकाणी थेट सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. प्रयोगशाळेत उमर घालवलेल्या मला हे बघवत नाही.

मांटूत टोचतात ते क्षयजंतूपासून काढलेल्या अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यातली बरीच प्रथिने त्या कुळातल्या इतर जंतूंच्या अंगीही असतात. क्षयावरच्या बीसीजी लशीत ती आहेत, माती-पाण्यातल्या निरुपद्रवी भावंडांतही आहेत. शरीराची आधीची ओळख यांपैकी कोणाशी झाली, हे गाठ सांगू शकत नाही. बाळपणीच्या लशीचा परिणाम वयाबरोबर ओसरतो, पण चिमुरड्यांत तो ताजा असतो. शिवाय क्षयजंतूची लागण खरी असली, तरी लागण झालेल्या बहुतेकांना आजार होतच नाही.

धडगाव-अक्कलकुव्याकडची उलटी चूक मला जास्त घातक वाटते. कुपोषित लेकराच्या अंगात गाठ येण्याइतकेही बळ नसते. क्षय असून मांटू निगेटिव्ह येते आणि ‘काही नाही’ म्हणून ते घरी जाते.

बीसीजी लस तयार करणाऱ्या काल्मेट आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी फ्रान्समध्ये १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे लशीचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा त्याची काही जनुके गळाली. त्यामुळे ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिने क्षयजंतूत आहेत, बीसीजीत नाहीत. त्यांवर आधारलेल्या त्वचाचाचण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सायटीबी’ त्यांपैकीच एक. लागण की आजार, हे तीही सांगत नाही, पण लशीमुळे होणारा घोळ टळतो. सातपुड्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती कायम मिळावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

पालकांनी गाठ दिसताच एक्स-रे आणि जंतूच्या तपासणीचा आग्रह धरावा. मुलाला बेडका काढता येत नसेल, तर पोटातला द्रव तपासता येतो. सुरू असलेली औषधे मात्र कोणीही परस्पर बंद करू नयेत. कागद घेऊन सरकारी क्षयरोग केंद्रात विचारावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
शहादा, जि. नंदुरबार